सोनोग्राफीतली 'फॅटी लिव्हर' ही ओळ हृदयाबद्दलही सांगत असते : दादाच्या अटॅकनंतर कळलेलं

हरिपूरकर

हा धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असं वाटत होतं. शेवटी दादाच म्हणाला, "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही. माझ्यासारखे गादीवर बसणारे पुष्कळ आहेत सांगलीत."

आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. दादा ५२ वर्षांचा. विशीत माळ घातली, तेव्हापासून मांसाहार नाही, तंबाखू नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. हातपाय काटकुळे, शर्टाखाली पोट तेवढं पुढे आलेलं. यंदा फेब्रुवारीत सौदे ऐन भरात असताना सकाळपासून त्याचा जबडा आणि डावा खांदा दुखत होता. पित्त झालंय म्हणून आलं-लिंबू घेतलं आणि सौदा संपेपर्यंत जागचा हलला नाही. चारच्या सुमाराला सदरा घामाने ओलाचिंब झाला, तेव्हा हमालांनीच उचलून गाडीत घातलं. मिरजेत अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी ९० टक्के बंद. स्टेंट पडला, दादा वाचला.

मला लिहायचंय ते यापुढचं.

विम्याच्या कागदांसाठी जुनी फाइल उपसताना २०१७ चा सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती लागला. मुतखड्यासाठी काढलेली सोनोग्राफी. दादा तेव्हा ४४ चा. उजव्या मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा खडा, त्या ओळीखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारलेल्या. तिच्या वरच्याच ओळीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. त्या ओळीला पेन लागलेलं नव्हतं. खडा पडून गेला, कागद कपाटात गेला. दादाला विचारलं, तू हे कधी बोलला का नाहीस? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिव्हर म्हटलं की लोक काय समजतात? गळ्यात माळ आहे माझ्या."

आठ वर्षं त्याने तो कागद लाजेपोटी कुणाला दाखवला नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मी तो रिपोर्ट हृदयाच्या डॉक्टरांपुढे ठेवला. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात, लिव्हर बिघडून मरणारे त्यापेक्षा कमी, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच, आणि भरलेलं लिव्हर धमन्यांच्या बिघाडात स्वतःही भर घालतं.

त्यानंतर जे वाचलं, विचारलं, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. हरिपूरची पेवं माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलीत. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीचशी गेली. पेव हळद साठवायलाच खणलेलं असतं. लिव्हरचं काम मात्र मालाची ने-आण करायचं. चरबी साठवायची जागा ती नव्हे. तिथे ५ टक्क्यांच्या वर चरबी साठली की फॅटी लिव्हर म्हणतात. आणि भरलेलं लिव्हर माल दाबून बसत नाही. ट्रायग्लिसराइडने भरलेले कण करून-करून रोज रक्तात सोडत राहतं. तो माल जातो धमन्यांच्या रस्त्याने.

दादाचं झाल्यावर मीही तपासण्या करून घेतल्या. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ४८ आणि एसजीपीटी ७२, प्लेटलेट २ लाख १० हजार. सोनोग्राफीत तीच ओळ, फक्त ग्रेड २.

तुमच्यापैकी किती जणांच्या रिपोर्टात ही ओळ आहे? आणि ती वाचून तुम्ही काय केलंत?

छायाप्रकाश

हरिपूरकर, दादांना आराम पडो. मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. तुमचा तो निळ्या पेनाचा तपशील वाचून मन खाल्लं. ही ओळ मी रोज कितीतरी रिपोर्टांत लिहिते आणि पेशंटने विचारलं तर "आजकाल बऱ्याच जणांना असतं" असं माझ्याही तोंडून गेलेलं आहे. ते खोटं नव्हे. पण ऐकणाऱ्याला ते 'काळजी नको' असं ऐकू येतं.

आम्हाला पडद्यावर काय दिसतं ते सांगते. निरोगी लिव्हर आणि शेजारचं उजवं मूत्रपिंड यांचा करडा रंग साधारण सारखा असतो. चरबी साठली की लिव्हर मूत्रपिंडापेक्षा उजळ, पांढरट दिसू लागतं. हा ग्रेड १. लिव्हरमधल्या बारीक शिरांच्या कडा पुसट झाल्या की २. चरबीमुळे आवाजाच्या लहरी पलीकडे पोचतच नाहीत आणि लिव्हरमागचा श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) दिसेनासा होतो तेव्हा ३.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चरबी २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर साध्या सोनोग्राफीत ती निसटू शकते. म्हणजे ग्रेड १ लिहिलं जातं तेव्हा पुरेशी चरबी आधीच साठलेली असते. दुसरं, ग्रेडवरून लिव्हर किती कडक झालंय, आत व्रण किती पडलेत, हे कळत नाही. ग्रेड १ मध्येही व्रण असू शकतात. त्यासाठी फायब्रोस्कॅन वेगळा.

प्रश्नचिन्ह

धाग्याबद्दल आभार. एक शंका मनापासून विचारतो. फॅटी लिव्हर ज्यांना होतं त्यांनाच डायबेटिस, बीपी, वाढलेलं पोट असतं. अटॅकही त्यांनाच येतो. मग लिव्हरने काही केलं असं कशावरून? पाऊस आला की छत्र्याही दिसतात आणि चिखलही होतो; छत्र्यांनी चिखल केला असं आपण म्हणत नाही.

आणि धमनीत ब्लॉकेज होतो म्हणजे बोअरच्या पाइपात क्षार बसतो तसंच ना?

कोयनाकाठ

कराडला मेडिसिनची प्रॅक्टिस करते. प्रश्नचिन्ह, शंका अगदी रास्त आहे आणि यावर वर्षानुवर्षं वाद झालेला आहे. आधी पाइपाचं बघू.

क्षार पाइपाच्या आत, पाण्याच्या बाजूला बसतो. धमनीत तसं नसतं. सांगलीकरांनो, २०१९ चा पूर ओसरल्यावर घरांच्या भिंती आठवा. ओल भिंतीच्या आत मुरली, महिनाभर वरून काही दिसलं नाही, मग गिलावा फुगला, पोपडे आले आणि एक दिवस हात लागताच पोपडा फुटून खाली आला. कोलेस्टेरॉलचे कण असेच धमनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीत शिरतात. पांढऱ्या पेशी त्यांना खायला येतात, खाऊन फुगतात, तिथेच मरतात. वर्षानुवर्षं ही गाठ भिंतीत वाढते, तिच्यात कॅल्शियम बसतं, भिंत कडक होते. रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, म्हणून माणसाला काही जाणवत नाही. मग एके दिवशी वरचं पातळ अस्तर फाटतं. रक्ताला वाटतं जखम झाली, ते तिथे गोठतं, आणि धमनी काही मिनिटांत बंद होते.

आता यात लिव्हर कुठे येतं? कोलेस्टेरॉलची बहुतेक सगळी देवघेव लिव्हरमधूनच होते. भरलेलं लिव्हर ट्रायग्लिसराइडचे मोठे कण जास्त सोडतं. त्या देवाणघेवाणीत एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि घट्ट होतात, ते भिंतीत सहज शिरतात आणि रक्तात जास्त काळ फिरत राहतात. चांगलं एचडीएल घटतं. म्हणून पुष्कळांचं एलडीएल कागदावर ११०–१२० दिसतं, माणूस खूश होतो, पण कणांची जात बदललेली असते. हरिपूरकर, तुमचं ट्रायग्लिसराइड २१२ आणि एचडीएल ३६ ही जोडी हेच सांगते. शिवाय सुजलेलं लिव्हर सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) वाढवतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त बनवतं. इन्सुलिनला दाद न दिल्यामुळे रात्रभर साखर सोडत राहतं, त्याने सकाळची उपाशीपोटी साखर चढते.

छत्रीच्या उपमेला उत्तर: २०२१ मध्ये ३६ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, ५८ लाखांच्या आसपास माणसं. वय, वजन, डायबेटिस वगैरेंचा हिशेब जमेल तितका वजा केल्यावरही फॅटी लिव्हर असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे ४५ टक्के जास्त निघाला. आणि लिव्हरमधले व्रण जितके जास्त तितका धोकाही वाढत गेला.

तरी तुमची शंका पूर्ण मोडीत निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. काही लोकांत टीएम६एसएफ२ नावाच्या जीनचा एक प्रकार असतो. त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी भरपूर साठते, पण लिव्हर ती रक्तात सोडतच नाही. त्यांचं लिव्हर खराब होतं, हृदयाचा धोका मात्र उलट कमी असतो. म्हणजे चरबी नुसती असण्यापेक्षा ती रक्तात किती आणि कशा रूपात उतरते, हे धमनीच्या दृष्टीने महत्त्वाचं. आपल्याकडे दवाखान्यात येणारे बहुतेक पेशंट पोटाच्या घेरातून आणि इन्सुलिनच्या बिघाडातून आलेले असतात. त्यांच्यात दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात.

प्रश्नचिन्ह

भिंतीचं उदाहरण काळजात घुसलं. पुरानंतर आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतीला वर्षभराने पोपडे आले होते, आम्ही म्हणत होतो आता कुठली ओल. जीनचा भाग नवीन कळला. शंका मागे घेतो असं नाही, पण निम्मी मिटली.

निशिगंध

दादा काटकुळे आणि तरी फॅटी लिव्हर, हे कसं? माझे मिस्टर अगदी असेच आहेत. वजन ६३. घरात सगळे म्हणतात, तुला काय झालंय तपासायला.

कोयनाकाठ

निशिगंध ताई, यावर तर पुण्यातच मूलभूत काम झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. तपासल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. आपल्यापैकी कितीतरी लोक असेच. आपली चरबी दंड-मांड्यांत न साठता पोटाच्या आत आणि लिव्हरमध्ये जाते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात आणि कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

मिस्टरांच्या मानेची मागची बाजू बघा. काळसर, मखमलीसारखी जाड कातडी असेल तर ती मळ नसते, घासून जात नाही. इन्सुलिन नीट चालत नसल्याची ती खूण असते.

दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३, इतर देशांत जवळपास ५९, असं ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात आलं होतं. दादा ५२ चे. ते अपवाद नाहीत.

तासगावची ताई

नमस्कार. मी आशा सेविका आहे. कंबरेच्या मापावरून बोलावंसं वाटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर बिगर-संसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा आम्ही जो सीबॅक फॉर्म भरतो त्यात कंबरेचं माप असतंच. पण काय सांगू, दारात टेप काढली की माणसं हसतात. पुरुष म्हणतात, "ताई, शर्ट शिवणार काय आमचा?" बायका पदर ओढून घेतात नि अंदाजे आकडा सांगतात. कित्येकदा मला पँटीचा नंबर सांगून वाटेला लावतात. पँट पोटाखाली बांधतात ओ सगळे. ३४ ची पँट घालणाऱ्याचं पोट ४० भरतं.

आता मी त्यांना काय सांगू ते या धाग्यावरून कळालं. याआधी मलाच माहीत नव्हतं की त्या टेपचा हार्टशी संबंध काय.

आणि हरिपूरकर भाऊ, माळेचं तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडं एका बाईला फॅटी लिव्हर निघालं तर सासरच्यांनी "माहेरी काय पीत होतीस" म्हणून विचारलं होतं.

कोयनाकाठ

ताई, ही लाज फार जुनी आहे. न पिणाऱ्यांचं लिव्हर दारुड्यासारखं दिसतं हे १९८० मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी २० पेशंटवरून मांडलं. त्याआधी अशा पेशंटवर डॉक्टरसुद्धा विश्वास ठेवत नसत, चोरून पीत असेल म्हणत. नावही तेव्हापासून 'बिन-दारूचं' असं पडलं, म्हणजे दारू चिकटलीच. २०२३ मध्ये जगभरच्या संघटनांनी मिळून ते बदललं, कारण नावातच पेशंटचा अपमान होतो असं ठरलं. आता त्याला एमएएसएलडी म्हणतात, चयापचयाच्या बिघाडातून आलेला लिव्हरचा आजार. दादांना हे जरूर सांगा.

गुऱ्हाळवाला

राम राम. कराडजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. साखर वाईट म्हणून पाच वर्षांपासून घरचा गूळच खातो. चहात गूळ, जेवणानंतर गुळाचा खडा, गुऱ्हाळ चालू असलं की काकवी. चहा दिवसाला सहा कप तरी होतो. ट्रायग्लिसराइड ३४०. मॅडम, गूळ तर चालतो ना?

कोयनाकाठ

भाऊ, मीही उसाच्याच पट्ट्यातली, त्यामुळे दुखावण्यासाठी सांगत नाही. गुळात लोह वगैरे थोडंफार असतं, पण बाकी बहुतेक साखरच. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बहुतेक भार लिव्हरवर पडतो आणि जादा झालं की लिव्हर त्याची चरबी करतं. सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे बारा चमचे, ६० ग्रॅमच्या आसपास. काकवी वेगळी. तुमचा ३४० चा आकडा इथूनच आलाय असं मला वाटतं. दोन कपांवर या, बिनगुळाचे जमले तर उत्तमच, आणि सहा आठवड्यांनी परत तपासा. साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) त्याच वेळी करून घ्या.

'तूप सोडलं तरी लिव्हर तसंच कसं' असंही बरेच जण विचारतात. एका अभ्यासात लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला होता. जवळपास ६० टक्के अंगावरच्या चरबीतून सुटून आलेली, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठापासून बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणून एकटं तूप बंद करून भागत नाही. पोट उतरलं पाहिजे आणि गोड कमी झालं पाहिजे.

निशिगंध

आमच्याकडे चौघांना महिन्याला चार लिटर तेल लागतं. रोज संध्याकाळी भडंग, त्यावर फरसाण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळ्याची शिकरण. उपवास म्हणून मी मनाचं समाधान करून घेत होते. आता एकादशीला भगर, दाण्याची आमटी आणि ताक करायचं ठरवलंय. भडंग घरीच थोड्या तेलावर, मुठीच्या मापाने. मिस्टरांच्या मानेला ती काळसर कातडी आहे. मी इतकी वर्षं घासणी देत होते त्यांना आंघोळीला.

कृष्णातीर

सांगलीची हळद २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालेली. लिव्हरला हळद चांगली म्हणतात. हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा सुरू केला तर? हरिपूरकर, तुम्ही तर त्याच धंद्यातले.

हरिपूरकर

धंद्यातला आहे म्हणूनच स्पष्ट सांगतो. भाजीत, दुधात घालायची ती हळद खुशाल खा, चार पिढ्या खात आल्यात. कॅप्सूल ही वेगळी चीज. चांगल्या हळदीत कुर्क्युमिन ३–४ टक्क्यांच्या आसपास असतं. कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क भरतात आणि तो अंगात जास्त भिनावा म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळतात. अशा गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडल्यात. मी माझ्या दादाला देणार नाही, मग तुम्हाला घ्या कशी म्हणू?

कोयनाकाठ

गुळवेलीचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाकाळात गुळवेलीचे काढे घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला झालेली इजा नोंदवली होती. आधीच चरबी असलेल्या लिव्हरवर प्रयोग नकोत. काही घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

शेतकऱ्याची लेक

वडिलांना बायपास झालीय. रिपोर्टात एसजीपीटी ६८ आलं म्हणून ओळखीच्या एकाने सांगितलं, कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खराब करते, बंद करा. चार महिने बंद आहे. आता भीती वाटायला लागली. काय करू?

कोयनाकाठ

ताई, उद्याच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटा आणि चार महिने बंद आहे हे सांगा. फॅटी लिव्हरमुळे थोडं वाढलेलं एसजीपीटी हे स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, थांबवण्याचं कारण सहसा होत नाही. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या पुढे गेलं, कावीळ झाली, तर गोष्ट वेगळी. ग्रीसमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला. हृदयविकार असलेल्या आणि लिव्हरचे आकडे थोडे वाढलेल्या पेशंटपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांत १० टक्क्यांना पुन्हा हृदयाचा किंवा मेंदूचा झटका वगैरे त्रास झाला, न घेणाऱ्यांत ३० टक्क्यांना. आणि घेणाऱ्यांचे लिव्हरचे आकडे उलट सुधारले. ज्या माणसांना ही गोळी सगळ्यात जास्त हवी, त्यांचीच लिव्हरच्या नावाखाली बंद होते, याचा मला दवाखान्यात रोज त्रास होतो.

यवतेश्वर

साताऱ्याहून. वय ५०, एसटीतून ड्रायव्हर म्हणून ऐच्छिक निवृत्ती. दोन वर्षांपूर्वी ग्रेड २, फायब्रोस्कॅन ९.१ (आकडा मोठा तितकं लिव्हर कडक). वजन ८४. लिव्हरच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: वजन ५ टक्के उतरलं तर चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूज जाते, १० च्या पुढे व्रणही भरू लागतात. कागदावर लिहून दिलं, ८४ मधून ८ किलो.

पहिल्या दिवशी अजिंक्यतारा धड चढता आला नाही, दोनदा बसलो. बायको पुढे जाऊन थांबायची. आधी महिनाभर नुसतं राजवाड्यापासून चार भिंतीपर्यंत चालत होतो. मग गड. मग पहाटे यवतेश्वराचा घाट. रात्रीचं जेवण साडेसातला, भात एक वाटी, ज्वारीच्या दोन भाकरीची एक केली, मटकी-मूग वाढवले. कंदी पेढा सणालाच. पहिले दोन महिने काटा हललाच नाही, पण त्याच काळात एसजीपीटी ९० वरून ५८ वर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालल्याने लिव्हरची चरबी वजनाआधी उतरते. तेवढ्या एका वाक्यावर मी टिकलो.

आज ७५. फायब्रोस्कॅन ६.२.

हरिपूरकर

यवतेश्वर, तुमची पोस्ट दादाला वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

कोयनाकाठ मॅडम, तुम्ही व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलेलं गणित इथे मांडतो, सगळ्यांना उपयोगी पडेल. फिब-फोर. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. माझं ४६ गुणिले ४८ म्हणजे २२०८. खाली २१० गुणिले ८.४९, साधारण १७८२. उत्तर १.२४. १.३ च्या खाली म्हणजे सध्या मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर लगेच लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधे आलं तर फायब्रोस्कॅन. पासष्टीच्या पुढच्यांना खालची मर्यादा २ धरतात. कुठलीही जादा तपासणी न करता, हातातल्या रिपोर्टावर हे होतं.

दादाच्या जुन्या कागदावरचे एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही नॉर्मल होते, हेही लिहून ठेवतो. आकडे नॉर्मल असूनही चरबी असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

हरिपूरकर

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय.

माझं वजन ७२.५. रोज पहाटे आमराईत पाऊण तास. ट्रायग्लिसराइड १४८, एसजीपीटी ४१, उपाशीपोटी साखर ९७. मॅडमनी एलडीएलवर नजर ठेवायला सांगितलंय, घरात इतक्या लवकर अटॅक आलाय म्हणून. दादाचं एलडीएल ५५ च्या खाली आणायचं आहे, सध्या ६१. गोळ्या चुकत नाहीत. गादीवर तासाभराने उठून यार्डातून एक फेरी मारतो, हमाल हाक मारून आठवण करतात.

गेल्या एकादशीला भजन संपल्यावर दादाने स्वतःहून तो २०१७ चा कागद मंडळींपुढे ठेवला. मी तिथेच होतो. वाचून झाल्यावर चौघांनी सांगितलं की आमच्याकडे असाच कागद आहे. त्यांतल्या एकाने तो देवघराच्या खणात ठेवलाय, बायकोलाही माहीत नाही. उद्या सकाळी त्यांतल्या दोघांना उपाशीपोटी घेऊन लॅबला जातोय. टेपही विकत आणलीय.

तासगावच्या ताई, माप बेंबीवरून घ्यायचं की खालून?

तासगावची ताई

भाऊ, बेंबी धरू नका, कुणाची खाली सरकलेली असते. शेवटची बरगडी नि कमरेचं हाड, दोन्ही बोटानं चाचपा, त्याच्या बरोबर मधोमध टेप. शर्ट वर घ्यायला सांगा. श्वास सोडला की वाचायचं. नि पोट आत ओढून धरतात सगळे, तेवढं ओढू देऊ नका.